सगळं जग चिनी मालिका बघतंय, मग परदेशात गेलेल्या चिनी माणसालाच त्या का दिसत नाहीत?

समजा, शांघायची एक पोरगी शिकायला मेलबर्नला गेली. घरी असताना रोज रात्री जेवताना आईबाबांसोबत एक मालिका बघायची, तिचे निम्मे भाग बघून झालेले. मेलबर्नच्या खोलीवर बॅगा टाकल्या, वायफाय जोडलं, फोन काढला. अॅप तेच, अकाऊंट तेच, वर्षभराचे पैसे आधीच भरलेले. तिनं प्ले दाबलं, तर स्क्रीन काळी आणि मधोमध चिनी भाषेत एक ओळ. अर्थ असा, की कॉपीराइटच्या कारणामुळे तुम्ही जिथं आहात तिथं हा व्हिडिओ दाखवता येणार नाही.

मग ती गाणी लावायला जाते. नेटईझ क्लाउड म्युझिकवर तिची दोनेकशे गाण्यांची प्लेलिस्ट असते. त्यातली बरीचशी गाणी राखाडी झालेली. नावं दिसतात, पण दाबलं की वाजत नाहीत. आणि घरच्या वीचॅट ग्रुपवर मावशीनं मालिकेत पुढं काय झालं ते टाकूनपण दिलेलं असतं.

ही पोरगी आम्ही कल्पनेतली घेतलीय, पण तिची अडचण लाखो लोकांची आहे. २०१९ या एका वर्षात चीनमधून ७ लाखांहून जास्त विद्यार्थी परदेशात शिकायला गेले, हा त्यांच्याच शिक्षण मंत्रालयाचा आकडा. आणि पिढ्यानपिढ्या बाहेर राहणारे चिनी वंशाचे लोक धरले, तर चिनी सरकारी अधिकारी ६ कोटींचा आकडा सांगतात. म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, चीनची ती ग्रेट फायरवॉल असणार. तिथंच गडबड आहे. या भानगडीत फायरवॉल मुख्य आरोपी नाहीच.

ग्रेट फायरवॉलचं काम आतल्या माणसाला बाहेर बघू न देणं हे आहे. यूट्यूब मार्च २००९ पासून चीनमध्ये बंद, फेसबुक त्याच वर्षी जुलैपासून बंद, २०१० मध्ये गुगलनं आपलं सर्च तिथून काढून हाँगकाँगला नेलं. त्यामुळं चीनमधले लोक व्हीपीएन वापरून बाहेर डोकावतात. याला तिकडं शब्द आहे ‘फानचियांग’, म्हणजे भिंतीवरून उडी मारणं.

पण परदेशात बसलेल्या चिनी माणसाला उडी उलट्या बाजूनं मारायचीय. बाहेरून आत. आणि ही दुसरी भिंत सरकारनं नाही, तर धंद्यानं बांधलीय.

धंदा कसा चालतो ते बघू. चीनमध्ये व्हिडिओचे मोठे खेळाडू मोजकेच. बायडूच्या घरातलं आयचीयी, अलिबाबाचं योकू, टेन्सेंट व्हिडिओ, हुनान प्रांताच्या टीव्ही चॅनेलवाल्यांचं मँगो टीव्ही आणि तरुण पोरांचं लाडकं बिलीबिली. या कंपन्या मालिका विकत घेतात किंवा बनवतात, तेव्हा करारात हक्क भागांनुसार तोडलेले असतात. मुख्य भूमी चीनचे हक्क वेगळे, हाँगकाँग आणि तैवानचे वेगळे, आग्नेय आशियाचे वेगळे, अमेरिकेचे वेगळे. वावराचे तुकडे पाडून चार भावांच्या नावावर करावेत तसं. आपल्या वाटच्या तुकड्याबाहेर नांगर घातला की भांडण.

बाहेरून आणलेल्या मालाचं तर सोडाच. टेन्सेंटनं २०२० ते २०२५ या पाच वर्षांसाठी एनबीएच्या बास्केटबॉल सामन्यांचे डिजिटल हक्क घेतले, दीड अब्ज डॉलर मोजून. पण ते चीनपुरते. तेच सामने टेन्सेंटनं लॉस एंजलिसमध्ये बसलेल्या चिनी पोराला दाखवले, तर अमेरिकेत ज्यांनी पैसे मोजलेत ते कोर्टात जातील. आपल्याकडं आयपीएलचं हेच. भारतातला प्लॅन घेऊन न्यूजर्सीला गेलेल्या माणसाला मॅच बघायला वेगळं काहीतरी विकत घ्यावं लागतं. तिथल्या मराठी माणसाला हा त्रास नवीन नाही.

पण मग स्वतः बनवलेल्या मालिकेचं काय? ती तर कंपनीच्या मालकीची. ती का नाही दाखवत?

कारण तीच मालिका बाहेर चढ्या भावानं विकता येते. उदाहरण द्यायचं तर ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’. छिंग राजवटीच्या राजवाड्यातल्या बायकांच्या डावपेचांची ही मालिका आयचीयीनं २०१८ च्या उन्हाळ्यात आणली. चीनमध्ये तिला अब्जावधी व्ह्यूज मिळाले. पण गंमत पुढं आहे. त्या वर्षी जगात गुगलवर सगळ्यात जास्त शोधल्या गेलेल्या टीव्ही मालिकांच्या यादीत ती पहिल्या नंबरवर आली. गुगल चीनमध्ये बंद आहे. म्हणजे हा सगळा शोध चीनच्या बाहेरून झालेला. एवढं गिऱ्हाईक बाहेर उभं असताना कोणती कंपनी माल फुकट सोडेल? ती मालिका मग डझनावारी देशांमध्ये वेगवेगळ्या चॅनेलना विकली गेली. आणि एखाद्या देशातले हक्क तिथल्या चॅनेलला विकले, की त्या देशात कंपनीला स्वतःचंच अॅप बंद ठेवावं लागतं.

दुसरं कारण फार कुणी बोलून दाखवत नाही. व्हिडिओ दाखवायला खर्च येतो. चिनी कंपन्यांचे सर्व्हर चीनमध्ये गावोगाव पसरलेत, त्यामुळं तिथल्या माणसाला व्हिडिओ जवळच्याच सर्व्हरवरून मिळतो. मेलबर्नच्या पोरीला तोच व्हिडिओ समुद्राखालच्या केबलमधून पाठवायचा तर बँडविड्थचा खर्च वेगळा. आणि तिच्यासमोर दाखवायची जाहिरात कुणाची? छंगदूच्या दुधाच्या कंपनीला मेलबर्नमध्ये दूध विकायचंच नाही. म्हणजे कंपनीच्या हिशोबात ही पोरगी निव्वळ तोट्याची.

आता अॅपला कळतं कसं, की तुम्ही बाहेर आहात? तुमच्या आयपी अॅड्रेसवरून. आयपी अॅड्रेस पिनकोडसारखा समजा. जगातल्या आयपीचे गठ्ठे पाडून ते वेगवेगळ्या देशांतल्या इंटरनेट कंपन्यांना वाटलेले असतात आणि कुठला गठ्ठा कुणाकडं आहे याच्या याद्या तयार असतात. तुम्ही प्ले दाबलं की अॅप आधी आपल्या सर्व्हरला विचारतं, या पिनकोडला माल द्यायचा का? सर्व्हर यादीत बघतो, ऑस्ट्रेलिया दिसतं, नाही म्हणतो. तुमचा पासपोर्ट कुठला, पैसे कुठं भरले, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

याच कारणानं एक विचित्र गोष्ट घडते. चिनी सिमकार्ड घेऊन तुम्ही परदेशात गेलात आणि रोमिंगवर नेट चालू केलं, तर बऱ्याचदा सगळं सुरळीत चालतं. कारण रोमिंगमध्ये तुमचा डेटा आधी तुमच्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे चीनमध्ये जातो आणि तिथून बाहेर पडतो. त्यामुळं तुमचा आयपी चिनीच दिसतो. भारतातलं सिम घेऊन चीनला गेलेल्या माणसाचं व्हॉट्सअॅप रोमिंगवर चालतं, पण हॉटेलच्या वायफायवर बंद पडतं, ते याचमुळं. गणित तेच, फक्त उलटं. आता रोमिंगच्या दरात ४० भागांची मालिका बघणं कुणाला परवडणार हा प्रश्न वेगळा.

आणि ते सिमकार्डसुद्धा सांभाळावं लागतं. चीनचा सायबर सुरक्षा कायदा १ जून २०१७ ला लागू झाला, त्यानुसार ऑनलाइन सेवांना युजरची खरी ओळख पटवून घ्यावी लागते. याचा सोपा रस्ता म्हणजे मोबाइल नंबर, कारण चीनमध्ये सिम ओळखपत्राशिवाय मिळत नाही. परदेशात चार वर्षं काढल्यावर रिचार्ज राहून जातो, नंबर बंद पडतो आणि मग लॉगिनचा ओटीपी येणार कुठं? पैसे भरायचे तर बऱ्याचदा अलीपे किंवा वीचॅट पे, त्यामागं सहसा चिनी बँकेचं खातं. भिंत ओलांडली तरी दाराला कुलूप अशी ही अवस्था.

कॅसेटच्या दुकानापासून पेटीपर्यंत

हे दुखणं स्ट्रीमिंगबरोबर जन्मलेलं नाही. १९८० च्या दशकात लंडन, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटोच्या चायनाटाउनमध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणारी दुकानं असायची. हाँगकाँगच्या टीव्हीबी चॅनेलच्या मालिका कॅसेटवर यायच्या. शनिवारी किराणा घ्यायला गेलेलं कुटुंब भाजी, सोया सॉस आणि पुढच्या पाच भागांच्या कॅसेट घेऊन घरी जायचं. आखाती देशात आणि अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या लोकांनी भारतीय किराणा दुकानातून हिंदी पिक्चरच्या कॅसेट अशाच आणल्यात.

मग डिश आली. चीनच्या सरकारी सीसीटीव्हीनं (ते कॅमेरेवालं नव्हे, चायना सेंट्रल टेलिव्हिजन) २००४ मध्ये ‘ग्रेट वॉल’ नावाचं चॅनेलचं पॅकेज अमेरिकेत डिशवर आणलं. सरकारला आपला आवाज बाहेर पोचवायचा होता, लोकांना मालिका बघायच्या होत्या, दोघांचं जमलं.

त्यानंतर आली पेटी. टीव्हीपॅड नावाचा एक छोटा डबा. एकदा विकत घ्यायचा, टीव्हीला आणि नेटला जोडायचा, की चीन, हाँगकाँग, तैवानची चॅनेल लाइव्ह. महिन्याचं भाडं शून्य. अमेरिकेतल्या चिनी घरांमध्ये, विशेषतः आजीआजोबांच्या खोलीत, हा डबा जोरात खपला. अर्थात हे सगळं चोरीचं होतं. २०१५ मध्ये सीसीटीव्ही, टीव्हीबी आणि अमेरिकेची डिश नेटवर्क या तिघांनी मिळून कॅलिफोर्नियाच्या कोर्टात केस टाकली आणि कोर्टानं डबा बनवणाऱ्यांविरोधात साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास भरपाईचा निकाल दिला. म्हणजे चीनचं सरकारी चॅनेल, चिनी प्रेक्षकांना चिनी कार्यक्रम दाखवणाऱ्या चिनी डब्याविरुद्ध, अमेरिकेच्या कोर्टात. निकालानंतर डबे बंद पडले आणि आजीआजोबांच्या खोलीतला टीव्ही पुन्हा मुका झाला.

या खोलीतल्या माणसांचं जरा वेगळं सांगायला हवं. विद्यार्थ्याला इंग्रजी येतं, त्याला नेटफ्लिक्स आहे, मित्र आहेत. पण नातवंडं सांभाळायला म्हणून साठीत परदेशात नेलेली आजी. तिला रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, शेजारणीशी बोलता येत नाही, गाडी चालवता येत नाही. दिवसभर घर. तिच्यासाठी तिच्या भाषेत बोलणारी दिवसभरातली एकमेव गोष्ट म्हणजे तो टीव्ही. अमेरिकेत आपल्या मुलाकडं सहा महिने राहून आलेल्या कुठल्याही मराठी आजीला विचारा, तिला हे समजावून सांगावं लागणार नाही.

उलटी उडी

टीव्हीपॅड जोरात होता त्याच काळात तरुण पोरांनी वेगळी वाट काढलेली. ‘अनब्लॉक योकू’ नावाचं ब्राउझरमध्ये टाकायचं एक छोटं एक्स्टेन्शन आलं. फुकट आणि ओपन सोर्स. त्याची आयडिया भारी होती. पूर्ण व्हिडिओ चीनमधून फिरवून आणायची गरजच काय? अॅप फक्त सुरुवातीला एकदा पिनकोड विचारतं ना, मग तेवढाच प्रश्न चीनमधल्या प्रॉक्सीतून पाठवायचा. सर्व्हर हो म्हणाला की व्हिडिओ नेहमीच्या रस्त्यानं थेट येऊ द्यायचा. गेटवरच्या वॉचमनला गावातलं आधारकार्ड दाखवायचं आणि आत गेल्यावर खिशात घालायचं, तसला प्रकार. गाण्यांच्या राखाडी यादीवरसुद्धा पोरांनी अशीच फुकटची औषधं शोधली.

कंपन्याही शहाण्या झाल्या, प्रश्न एकदा विचारायचा तिथं पाच वेळा विचारायला लागल्या. मग बाजारात आले ‘हुएइग्वो’ व्हीपीएन. हुएइग्वो म्हणजे मायदेशी परतणं. फानचियांगवाला व्हीपीएन भिंतीबाहेर नेतो, हा घरी परत नेतो. यांची नावं पण मजेशीर. एक आहे क्वायफान, म्हणजे वेगवान शीड. दुसरं छ्वानस्वो, म्हणजे विणकराच्या धोट्यासारखं इकडून तिकडं ये-जा करणं. इचलकरंजीच्या माणसाला हे नाव लगेच कळेल.

हे व्हीपीएन चीनमध्ये सर्व्हर ठेवतात. तुमच्या फोनमधली फक्त चिनी अॅप त्या सर्व्हरवरून फिरवतात, बाकी यूट्यूब, बँकेचं अॅप वगैरे नेहमीच्या रस्त्यानं. मालिकावाल्यांइतकेच गेम खेळणारेही यांचे गिऱ्हाईक आहेत. चीनमधल्या मित्रांबरोबर ‘ऑनर ऑफ किंग्ज’ खेळायचं तर सर्व्हर चीनमध्येच असतो आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी तुमचा कार्यक्रम झालेला असतो.

आता इथं खरी अडचण सुरू होते, ती वेगाची. चीनचं इंटरनेट बाहेरच्या जगाला जोडणाऱ्या वाटा मोजक्या आहेत. चायना टेलिकॉम, चायना युनिकॉम आणि चायना मोबाइल या तीन सरकारी कंपन्यांच्या हातात त्या आहेत आणि मुख्य नाके बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ इथं. चीनमध्ये संध्याकाळ झाली, करोडो लोक ऑनलाइन आले, की या नाक्यांवर खंबाटकी घाटात रविवारी संध्याकाळी होतं तेच होतं. चायना टेलिकॉमची सर्वसामान्यांसाठी १६३ नावाची जुनी लाइन आहे आणि जास्त पैसे देणाऱ्यांसाठी सीएन२ नावाची मोकळी लाइन. महागडे व्हीपीएन मोकळ्या लाइनवर जागा भाड्यानं घेतात, स्वस्तातले घाटात अडकतात. म्हणून फुकटच्या व्हीपीएनवर मालिका बघणाऱ्याला हिरोचा अर्धा चेहरा आणि एक गोल फिरणारं चक्र एवढंच दिसतं.

बरं, वेग सोडा. तुम्ही तुमचं सगळं ट्रॅफिक ज्याच्या हातात देताय तो माणूस कोण आहे? २०२१ मध्ये विझकेस या सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या साइटनं क्विकफॉक्स नावाच्या अशाच एका व्हीपीएनची कुंडली बाहेर काढली. सर्व्हरला नीट कुलूपच लावलेलं नव्हतं, त्यामुळं साधारण १० लाख युजरची माहिती उघडी पडलेली. नुसते फोन नंबर आणि ईमेल नाहीत, तर त्यांच्या मशीनवर आणखी कोणती सॉफ्टवेअर आहेत याची यादीसुद्धा त्यात होती. मालिका दाखवणाऱ्या व्हीपीएनला ही यादी कशाला हवी होती, हा प्रश्न पडायला हवा. फुकटात मिळतंय म्हणून डाउनलोड करताना तो सहसा कुणाला पडत नाही.

कायद्याचं काय, तर चित्र धूसर आहे. जानेवारी २०१७ मध्ये चीनच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं नोटीस काढली, की परवानगीशिवाय सीमेपलीकडं जाणारी लाइन, व्हीपीएन धरून, स्वतः उभारून किंवा भाड्यानं घेऊन धंदा करायचा नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अॅपलनं आपल्या चिनी स्टोअरमधून व्हीपीएन अॅप काढून टाकली. डिसेंबरमध्ये ग्वांगशीतल्या एका माणसाला व्हीपीएन विकल्याबद्दल साडेपाच वर्षांची कैद आणि ५ लाख युआन दंड झाला. तो भिंतीबाहेर नेणारा धंदा होता. पण नोटिशीतली भाषा सीमेपलीकडच्या लाइनबद्दल बोलते, ती दिशा बघत नाही. बाहेरून आत येणाऱ्यांचा सरकारला तेवढा राग नाही, त्यांना चालू दिलं जातं, इतकंच. शिवाय अॅपच्या अटी मोडल्या म्हणून कंपनीनं अकाऊंट बंद केलं तर भरलेल्या पैशांवर पाणी.

यात एप्रिल २०२२ मध्ये आणखी एक फाटा फुटला. वेइबो आणि इतर चिनी सोशल मीडियानं प्रत्येक युजरच्या नावाजवळ तो कुठून लिहितोय ते दाखवायला सुरुवात केली. चीनमध्ये असाल तर प्रांताचं नाव, बाहेर असाल तर देशाचं. हेतू सांगितला अफवा रोखण्याचा. झालं असं, की परदेशातल्या माणसानं काही लिहिलं की खाली लोक टपून बसलेले, ‘अमेरिकेत राहून आम्हाला शिकवू नकोस’. मालिकेसाठी घेतलेला हुएइग्वो व्हीपीएन चालू ठेवला तर नावापुढं देशाऐवजी चीनमधला प्रांत दिसतो. मनोरंजनासाठी घेतलेलं औजार काहींना असंही उपयोगी पडलं.

आता तुम्ही विचाराल, एवढा सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा कंपन्यांनी सरळ परदेशासाठी वेगळं अॅप का नाही काढलं? काढलं की. टेन्सेंटनं वीटीव्ही आणलं, आयचीयीनं २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अॅप आणलं. पण ती प्रामुख्यानं थायलंड, इंडोनेशिया, मलेशियाच्या स्थानिक प्रेक्षकांना समोर ठेवून बांधली. थाई, इंडोनेशियन, इंग्रजी सबटायटल, राजवाड्यातली प्रेमकहाणी, तलवारबाजी, चिकणे हिरो. जगभर फॅन मिळवलेली ‘द अनटेम्ड’ २०१९ मध्ये याच वाटेनं बाहेर पोचली. परदेशातल्या चिनी माणसाला मात्र हवं असतं दुसरंच. गावाकडच्या घरगुती भांडणांची मालिका, आठवड्याचा गाण्यांचा रिअॅलिटी शो, चीनी बोलीत केलेले विनोद. त्याला थाई सबटायटल असतील तरच तो माल बाहेर येणार असेल, तर तो येतच नाही. रिअॅलिटी शोमध्ये दुसऱ्यांची गाणी गायलेली असतात, त्या प्रत्येक गाण्याचे परदेशातले हक्क वेगळे सोडवावे लागतात. आणि चीनमध्ये भरलेले व्हीआयपीचे पैसे या अॅपमध्ये धरायचे नसतात. एकाच कंपनीला दोनदा पैसे द्यायचे आणि वर अर्धाच माल घ्यायचा.

भारतात राहणाऱ्या चिनी माणसाची तर आणखीच वाट लागली. गलवाननंतर २९ जून २०२० ला भारतानं ५९ चिनी अॅप बंद केली, त्यात टिकटॉकबरोबर वीचॅट आणि वेइबो होतं. आपण टिकटॉकसाठी हळहळलो, पण इथल्या चिनी माणसाचा आईशी बोलायचा फोनच गेला. नोव्हेंबरच्या यादीत वीटीव्ही आणि मँगो टीव्हीपण गेले. म्हणजे त्याच्यासाठी कुलूप दोन्हीकडून.

नेटफ्लिक्स हा उपाय होऊ शकला असता. पण तिथलं एक उदाहरण सांगतो. ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ ही चीनमधली तुफान गाजलेली मालिका. ७६ भाग. संवाद लोकांना पाठ आहेत, आजही मीम बनतात. २०१५ मध्ये ती अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा ७६ भागांचे दीड-दीड तासाचे ६ भाग करून आली. आपल्याकडच्या माणसाला महाभारताचा एका रविवारचा सिनेमा करून दाखवल्यासारखं. परदेशातल्या चिनी लोकांनी बघितलं आणि पुन्हा ७६ भाग शोधायला लागले.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. तिथल्या एसबीएस या सार्वजनिक चॅनेलनं २०१३ पासून जिआंगसू टीव्हीचा ‘इफ यू आर द वन’ हा लग्न जुळवणारा शो इंग्रजी सबटायटलसह दाखवायला सुरुवात केली. हक्क रीतसर घेतलेले. शो असा, की २४ पोरी दिवे लावून उभ्या, मधे एक पोरगा, तो आवडला नाही की पोरी दिवा विझवतात. त्यात पगार, घर, सासू सगळ्यावर उघड चर्चा. चिनी विद्यार्थी तर बघायचेच, पण ज्यांना चिनी भाषेचा एक शब्द येत नाही अशा ऑस्ट्रेलियन लोकांनाही त्याचं वेड लागलं.

आणि या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट यूट्यूब. चीनमध्ये बंद असलेल्या याच यूट्यूबवर टेन्सेंट, आयचीयी, योकू, मँगो या सगळ्यांची अधिकृत चॅनेल आहेत. त्यावर पूर्णच्या पूर्ण मालिका टाकलेल्या असतात, जाहिरातींसह. नवीन भाग बऱ्याचदा उशिरा येतात, काही मालिका काही देशांत दिसत नाहीत, पण फुकट आणि न अडखळता. त्यामुळं आज परदेशातल्या बहुतेक चिनी घरांत चिनी कार्यक्रम बघायचा सगळ्यात सोपा रस्ता हा चीनमध्ये बंदी असलेल्या अमेरिकन साइटवरून जातो. चीनमधल्या माणसाला तो रस्ता घ्यायचा तर व्हीपीएन लागतो.

सगळ्यात मोठी परीक्षा असते चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री. सीसीटीव्हीचा ‘छुनवान’ हा कार्यक्रम १९८३ पासून दरवर्षी होतो. नाच, गाणी, विनोदी नाटुकली, साडेचार तासांच्या आसपास. हल्ली त्याला नावं ठेवणं हाही परंपरेचा भाग झालाय, पण डम्पलिंग करताना टीव्हीवर तो चालू नसेल तर घराला नववर्ष वाटत नाही. तो सुरू होतो बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता. तेव्हा मेलबर्नमध्ये रात्रीचे ११ वाजलेले असतात, लंडनमध्ये ऑफिसची दुपारची १२, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ७ आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पहाटेचे ४. हा एक कार्यक्रम सीसीटीव्ही स्वतःच यूट्यूबवर लाइव्ह दाखवतं, जगभर, कुठलंही कुलूप न लावता. आजीला पहाटे ४ ला उठवून टीव्हीसमोर बसवायचं एवढंच काम उरतं, आणि ती बहुतेक आधीच उठून बसलेली असते.